पावणेसातची झपक

या पोट्टेहो, जवळ सरका. ते मोबाईल मांडीखाली ठेवा, थोड्या वेळानं काही ते अंडं देणार नाहीत. मारामारीच्या गेमची लई हौस ना तुम्हाला? मग त्याच गेमची गोष्ट सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत एक माणूस मरतो आणि तो पुन्हा उठत नाही. गेममध्ये बटन दाबलं की उठतात, तसा नाही उठत. ऐकायचा दम असेल तर बसा.

नागभीडच्या अलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, सावरटोली म्हणून गाव. दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या. धान पिवळं पडलेलं, कापणी आठ-दहा दिवसांवर. चौकात गुलाबभाऊचं दुकान. पुढे सायकलचं पंक्चर काढायचं आणि मागच्या खोलीत एक टीव्ही, गेमचा डबा आणि दोन रिमोट. सुट्ट्यांत गावातली सारी पोरं तिथंच पडलेली असायची.

त्या सोमवारी संध्याकाळी संघप्रिया खालचा ओठ दातात धरून बसली होती. तेरा वर्षांची पोरगी, सातवीतून आठवीत गेलेली. पडद्यावर तिची डोकरी कोपऱ्यात अडकली होती.

गेममधल्या माणसांची नावं इंग्रजीत होती, पण ती कोण वाचतो. पोरांनी आपली नावं ठेवली होती. शेजारी दुसरा रिमोट धरून बसलेल्या निकेशचा तो लालपट्ट्या. कपाळाला लाल पट्टी, अंगात वारं, थांबायचं नाव नाही. आणि संघप्रियाची ती डोकरी. पांढरे केस, वाकलेली कंबर, हातात काठी. डोकरीला पळता येत नव्हतं, उडी मारली तर वीतभर. म्हणून तिला कोणी घेतच नव्हतं. पण संघप्रियानं एक पाहून ठेवलं होतं, की डोकरीनं एकदा समोरच्याची गचांडी धरून आपटला, तर त्याची तिसरा हिस्सा जान जाते. फक्त समोरचा जवळ पाहिजे आणि त्याचे हात रिकामे पाहिजेत. आणि निकेशचे हात कधी रिकामे नसायचे. सुट्टी लागल्यापासून संघप्रिया अकरा वेळा हरली होती.

"दाब, सारेच बटन दाब," निकेश हसत म्हणाला. "डोकरीची तिरडी बांधून राह्यलो मी."

"दाबू नोको वं पोरी," दारातून आवाज आला.

दारात बिरजूआबाजी उभा होता. गावाचा गायकी, म्हणजे साऱ्या गावाची ढोरं राखणारा. साठीचा माणूस. ढोरं घरोघर पोचवली की तो रोज तिथं यायचा, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभा राहायचा. रिमोटला त्यानं कधी हात लावला नाही. "लाथ माराची त पायानं मारा ना बे, बोटानं काऊन मारता," म्हणायचा.

"मंग का करू, आबाजी? मारून राह्यला ना हा," संघप्रिया म्हणाली.

"चाळीस वर्षं ढोरं राखून राह्यलो मी. सांड अंगावर आला का माणूस घाबरून हातपाय झाडते, नाई त पळते. अन तिथीच मरते. उभं राहाचं. सांड येते तवा त्याचे डोळे तुह्यावर असते. पन शिंग माराले डोकं खाली घातलं ना, का त्याले जमीन दिसते, तू नाई दिसत. तेवढ्यात सरकाचं."

"पन हा सांड नाई आबाजी, निकेश हाय."

"मंग त सोपंच हाय."

निकेशची बहीण मयुरी फिसकन हसली. दहा वर्षांची, पण त्या खोलीतली पंच तीच होती.

संघप्रियानं बाकीची बटनं सोडली आणि फक्त अडवायचं बटन दाबून धरलं. लालपट्ट्याचे ठोसे डोकरीच्या काठीवर आदळायला लागले. संघप्रियाची बोटं शिवशिवत होती, पण तिनं ती आवरली आणि पाहिलं. ठोसा, ठोसा, ठोसा, मग उडती लाथ. पुन्हा तीन ठोसे, पुन्हा उडती लाथ. निकेशला दुसरं काही येतच नव्हतं. आणि लाथ अडवली की लालपट्ट्या खाली पडून गुडघ्यावर यायचा. एक, दोन मोजेपर्यंत त्याला उठता येत नव्हतं.

तीन ठोसे झाले. लालपट्ट्या उडाला. डोकरीनं काठी आडवी धरली, एक पाऊल सरकली, त्याची गचांडी धरली...

आणि टीव्ही झपकला. वरचा बल्बही झपकला. गेमचा डबा बंद पडून पुन्हा चालू झाला.

"झपक," मयुरीनं जाहीर केलं. "म्याच रद्द."

"मी जिकत होती वं!"

"रद्द म्हंजे रद्द."

आता हा नियम असा होता. आधी निकेश हरायला आला की पायाच्या अंगठ्यानं बोर्डाची पिन हलवायचा आणि लाईटीच्या नावानं बोंबलायचा. म्हणून मयुरीनं ठरवलं, टीव्हीसंगं बल्बही झपकला तरच म्याच रद्द, आणि त्याची नोंद भिंतीवर झाली पाहिजे. घड्याळ पाहून, कोळशानं. तिनं लिहिलं, "सोमवार, पावणेसात, झ."

संघप्रिया भिंतीकडे बघत राहिली. "रोज पावणेसातलेच काऊन झपकते, गुलाबभाऊ?"

"लाईटीले का घड्याळ समजते?" गुलाबभाऊ चाकात हवा भरता भरता म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही.

बिरजूआबाजीनं मान वळवून बांध्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलून म्हणाला, "अंधार पडल्यावर धुऱ्यावरून फिरू नोका पोट्टेहो. शॉर्टकट बिर्टकट काई नाई. रस्त्यानं येत जा."

एवढंच बोलला आणि गेला.

मंगळवारी संघप्रियाचे बाबा, सोमाजी, सूरजागडला गेले. मोठा भाऊ कुलदीप तिकडे ट्रकवर कामाला, त्याला ताप भरला होता. ते शुक्रवारी दुपारी परत आले. आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी गुलाबभाऊच्या दुकानातली लाईट झपकली नाही, गेलीच. आधी पावणेसातला रोजच्यासारखी झपकली, आणि मग सात वाजून दहा मिनिटांनी सारं गाव अंधारात. मयुरीनं चाचपडत लिहिलं, "गेली."

बिरजूआबाजी एका वासराला शोधायला गेला होता. वासरू आपणच घरी आलं. तो आला नाही. आठ वाजता बॅटऱ्या घेऊन लोक गेले, तेव्हा तो सोमाजीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेला सापडला. पायाशी गवत जळालेलं आणि गवतात दोन हात लांबीचा वायरचा तुकडा. जास्त सांगत नाही.

रानडुक्कर धानात शिरू नये म्हणून काही लोक शेताभोवती उघडी वायर ओढून तिच्यात करंट सोडतात. कायद्यानं मनाई आहे. तरी सोडतात, आणि करंट सोडला की त्या क्षणी गावातली लाईट झपकते. डुकराला वाटतं धान आहे, वायरीला वाटतं डुक्कर आहे. ती कोणाला विचारत नाही.

शनिवारी सकाळी "ढोरं सोडा हो" अशी हाक गावात आली नाही. लोकांनी सवयीनं दावी सोडली. ढोरं चौकात येऊन जमली आणि तशीच उभी राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. त्यांना कुठं जायचं ते सांगणारा माणूस नव्हता.

दुपारी पोलिसांची गाडी आली आणि सोमाजीला घेऊन गेली. वायर त्यांच्या धुऱ्यावर सापडली ना. लगतची बांधी हेमराजभाऊची, पण तिथं काही नव्हतं. हेमराजभाऊ म्हणजे गावच्या धानगिरणीचा मालक. चांगला बोलणारा, लग्नाकार्यात पुढं असणारा माणूस. त्यानंच पोलिसांना खुर्च्या टाकून दिल्या.

"बाबानं नाई केलं, आई," संघप्रिया म्हणाली.

गिरजाबाई चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती. "मले माहीत हाय, बाई. पन कोन ऐकन?"

रविवारी सकाळी संघप्रिया गुलाबभाऊच्या दुकानात गेली. टीव्ही बंद होता. ती भिंतीपुढे उभी राहिली. निकेश आणि मयुरी मागं येऊन थांबले.

"मयुरी, हे वाच."

"बुध, पावणेसात, झ. गुरू, झ. शुक्र, झ. शनवार काई नाई. आयतवार काई नाई. सोम, झ. मंगळ, झ. बुध, झ. गुरू, झ. शुक्र, झ. मंग गेली."

"मंगळ, बुध, गुरू बाबा सूरजागडले होते. तरी झपकली. मंग ते बाबानं कसं केलं?"

निकेशनं डोकं खाजवलं. "अन शनवार-आयतवार काऊन नाई झपकली?"

"शनवारी वरोऱ्याले साक्षगंध होतं ना," मयुरी म्हणाली, "हेमराजभाऊच्या भाचीचं, लग्न ठरलं ना तिचं. त्यायच्या घरचे सारे दोन रोज तिकडंच होते. आमच्या आईले पेढे आणून देले त्यायनं."

बाहेर गुलाबभाऊच्या हातातला पाना थांबला होता.

"गुलाबभाऊ," संघप्रिया म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"मले यात ओढू नोको, बाई. हे दुकानाची जागा कोनाची हाय, माहीत हाय ना तुले?" तो खाली मान घालून म्हणाला. "अन एकटा हेमराजच करते का? अर्ध गाव करते."

निकेशनं घरी जाऊन वडिलांना सांगून पाहिलं. वडिलांनी त्याच्याकडे नाही, माळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेव अन गप राय." निकेशनं माळ्यावर काय ठेवलेलं असतं ते आठवलं. मागच्या वर्षी त्यानंच वर दिलं होतं. त्याला जेवण गेलं नाही.

मोठी माणसं तर अशी बसली होती. मग तिघं आपणच निघाली. गावाच्या डीपीपासून लाईटीची तार जिथून हेमराजभाऊच्या बांधीवरून जाते, तिथपर्यंत चालत गेली. भर दुपार, डोक्यावर ऊन. खांबाखालचं गवत तुडवलेलं होतं. तिथून वीस पावलांवर नाला.

"एवढी वायर कोनी घरी नेली असन," निकेश म्हणाला. "पन तारेवर टाकाले लांब बांबू लागते. लोक घाईत असन त बांबू कुठी टाकन?"

नाल्याच्या काठी बेशरमाची झाडी माजली होती. तिच्यात एक बांबू आडवा पडलेला मयुरीला दिसला. टोकाला लोखंडी आकडा.

"हात लावू नोको," संघप्रिया ओरडली. तिनं वाळक्या काठीनं तो आधी सरकवून पाहिला. वायर कुठंच जोडलेली नव्हती. मग तिघांनी तो बाहेर ओढला. धरायच्या जागी काळा रबरी पट्टा गुंडाळलेला होता, कडेला हिरवी शिवण.

निकेशनं खिशातून आपली गुलेल काढली. तिचं चामडं त्याच काळ्या पट्ट्याचं होतं, हिरव्या शिवणीचं. "हा गिरणीचा पट्टा हाय. सापडला चोर. चाल, सांगू."

संघप्रिया हलली नाही. "पट्टा त तुह्या गुलेलले बी हाय."

"मंग?"

"मंग ते म्हनन, गिरणीमागं फेकलेला पट्टा हाय, कोनी बी उचलते. सोमाजीनं उचलला. का त म्हनन पोट्ट्यायनंच बांबू बनवला." तिनं बांबू पोत्यात गुंडाळायला घेतला. "आत्ताच दाखवला त आपला एकच डाव हाय, तो फुकट जाईन."

सोमवारी सकाळी ठाणेदार साहेब ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बयान घ्यायला बसले. सोमाजीला बाजूला खाली बसवलं होतं. दोन दिवसांत माणूस वाळल्यासारखा दिसत होता. हेमराजभाऊ साहेबांच्या शेजारी खुर्चीवर. समोर सारं गाव. निकेश पोतं घेऊन भिंतीमागं थांबला.

संघप्रिया पुढं गेली. "साहेब, मले सांगाचं हाय."

तिनं भिंतीवरची नोंद सांगितली. कोणत्या दिवशी झपकली आणि बाबा कुठं होते. ठाणेदार लिहीत होते. शनिवार-आयतवारचं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि हेमराजभाऊ हसला.

"साहेब, हे पोरगी दिवसभर गेम खेळते. कोळशानं भिंतीवर लिवलं म्हंजे पुरावा झाला का? काय वं, घड्याळ कोनाचं होतं?"

"गुलाबभाऊचं."

"ते बरोबर चालते?"

"हाव."

"तुले का माहीत? शाळेत घंटी वाजते तवा बी तू गेमातच राहते. तुहा बाप सूरजागडले गेला याचा का पुरावा? तिकीट हाय? अन वायर त्याच्याच धुऱ्यावर काऊन सापडली? बोल ना."

लोकांत कुजबुज झाली. प्रश्न ठोशांसारखे येत होते, एकामागं एक. संघप्रियाची पाठ ओसरीच्या खांबाला टेकली होती. मागं जायला जागा नव्हती. तिला वाटलं, ओरडावं, रडावं, पोतं आणून आपटावं. सारीच बटनं एकदम दाबावी.

मग तिला बिरजूआबाजीचे उंबऱ्यातले पाय आठवले, आत एक आणि बाहेर एक.

ती उभी राहिली. हेमराजभाऊच्या डोळ्यांत बघत राहिली आणि काहीच बोलली नाही.

"आता काऊन गप? बापानं शिकवून ठेवलं होतं ते सरलं?"

ती गप्पच.

"पाहा साहेब. बोलाले काई असन त बोलन ना."

ती गप्पच. ठाणेदारांनी पेन्सिल उचलून धरली होती. ओसरीवर एवढी शांतता झाली की चौकातल्या ढोरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या. हेमराजभाऊला ती शांतता सहन झाली नाही. तो खुर्चीतून उठला.

"लाईट झपकते, लाईट झपकते. त्यात का मोठं हाय? आकडा टाकाले दोन मिनिटं लागते. बांबू उचलला, तारेवर टेकवला, काम झालं का काढून नाल्यात फेकला. शेंबडं पोट्टं करन हे काम. हिच्या बापानं तेच केलं."

एक, संघप्रियानं मनात मोजलं. दोन.

"कोणत्या नाल्यात?" ती म्हणाली.



ठाणेदारांनी हळूच कागद उलटून पाहिला. "हेमराजजी, पंचनाम्यात फक्त वायरचा तुकडा आहे. करंट पंपाच्या स्टार्टरवरून घेतला का तारेवरून, हे आम्हालाच अजून माहीत नाही. आकड्याचं अन बांबूचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते... आपलं अंदाजानं..."

"निकेश, आन," संघप्रिया म्हणाली.

निकेशनं पोतं आणून ठाणेदारांच्या पायाशी सोडलं. आकडा फरशीवर वाजला. मग तिनं राहिलेलं सांगितलं, शनिवार-आयतवार आणि वरोऱ्याचं साक्षगंध. मागून गुलाबभाऊ उठला. त्याचे हात ग्रीसनं काळे होते. "साहेब, शुक्रवारी लाईट गेल्यावर हेमराजभाऊ अंधारात वायर गुंडाळत माह्या दुकानावरून गेले. मी पाह्यलं. दोन रोज मी नाई बोललो. माहं चुकलं."

हेमराजभाऊ खाली बसला. मग म्हणाला, "डुकरासाठी होतं ते. बिरजूसाठी नोतं."

ठाणेदार स्वतः दुकानात आले, भिंतीवरची सारी नोंद कागदावर उतरवून घेतली आणि खाली मयुरीची सही घेतली. तिनं अर्धा कागद भरून सही केली. "केस संपेपर्यंत या भिंतीला चुना लावायचा नाही," ते गुलाबभाऊला म्हणाले. मग संघप्रियाकडे वळले. "तू गप्प बसलीस, तेव्हा मला वाटलं पोरगी हरली. हे कोणी शिकवलं?"

"बिरजूआबाजीनं," ती म्हणाली.

सोमाजीनं घरी येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. गिरजाबाईनं चूल पेटवली.

त्या संध्याकाळी गावातल्या चार घरांतून वायरची भेंडोळी निघाली आणि चौकात येऊन पडली. निकेशच्या वडिलांचंही एक होतं. त्यांनी ते निकेशच्या देखतच टाकलं आणि म्हणाले, "तू माह्याहून मोठा निघाला लेका."

निकेशनं पुढं कधी संघप्रियाला हरवलं, कधी तो हरला. ती अजून डोकरीच घेते. दार उघडं ठेवते आणि उंबऱ्यात कोणाला बसू देत नाही.

तर पोट्टेहो, गोष्ट सरली. आता माझं एक काम करा. धान पिकायच्या दिवसांत तुमच्या घरचा टीव्ही रोज एकाच वेळेला झपकायला लागला, तर नुसते लाईटीला शिव्या देऊन बसू नका. घड्याळ पाहजा. वार आणि वेळ लिहून ठेवजा, भिंतीवर का होईना. आपण होऊन धुऱ्याकडे जाऊ नका. तो कागद एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, आणि तो माळ्याकडे बघायला लागला तर दुसऱ्याच्या हातात द्या. कोणीतरी घेईपर्यंत देत राहजा.